मोटरहोमचे 14 महिने आणि साडेतीन टनांची पाटी

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी; आमच्या गाडीचा हा नव्याने लिहिलेला रिव्ह्यू. हीटर, बेड, टॉयलेट कॅसेट यांवर भरपूर लिहून झालंय, ते परत नको. मला बोलायचंय ते गाडीवरच्या त्या छोट्या पाटीबद्दल, जिच्यावर 3,500 किलो लिहिलंय, म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. भारतातल्या लायसन्सवर इथे 12 महिनेच गाडी चालवता येते, म्हणून मी 2009 साली इथली परीक्षा दिली. हातात आलं कॅटेगरी बी, म्हणजे साडेतीन टनांपर्यंत. सेकंडहँड मोटरहोम घेताना विक्रेत्याने सांगितलं, "बी चालतं, काळजी नको." ते खरंच होतं. पण पुढचं त्याने सांगितलं नाही.

कागदावर रिकाम्या गाडीचं वजन 3,080, म्हणजे आपल्याला 420 किलो मोकळे. मी खूश. मग स्कॉटलंडला निघताना सहज वजनकाट्यावर गाडी घातली. पावती आली 3,580. 80 किलो जास्त! बायको म्हणाली, "अगं बाई, माझा कुकर काढू का?" कुकर तीन किलोचासुद्धा नव्हता. 420 कुठे गेले ते घरी येऊन वहीत मांडलं: बायको-मुलं 125, बाहेर ओढायचं कापडी छप्पर 30, जादा बॅटरी आणि सोलर 37, सायकली स्टँडसकट 65. बाकी अंथरुणं, खुर्च्या, शिधा. आणि पाणी! टाकी 100 लिटरची, कागदावरच्या वजनात धरलेले फक्त 20. उरलेले 80 किलो आम्ही नुसते फिरवत होतो.

तेव्हा मी रागाने पहिल्या रिव्ह्यूत या गाडीला पाचपैकी दोनच तारे दिले होते. ते आता बदलतोय.

आधी वाटलं, कागदोपत्री वजन वाढवून घेऊ, 3,850 करू. पैसे भरायच्या आधी कळलं म्हणून वाचलो. लायसन्स काट्यावरचं वजन बघत नाही, पाटीवरचा आकडा बघतं. पाटी साडेतीनच्या वर गेली की मला ती गाडी चालवायला सी1, म्हणजे त्याहून जड गाड्यांचं लायसन्स लागणार, मग ती रिकामी असली तरी. आणि पाटी तशीच ठेवून जास्त भरलं तर तो ओव्हरलोडचा वेगळा गुन्हा. दोन्हीकडून आपणच.

शेजारच्या काकांनी 1988 साली इथे परीक्षा दिलीय. 1 जानेवारी 1997 च्या आधी कारची परीक्षा पास झालेल्यांना साडेसात टनांपर्यंतचं सी1 आपोआप मिळालं. त्यांची गाडी 4.2 टनांची, ते निवांत. मात्र सत्तरीला तो हक्क टिकवायचा तर डॉक्टरांकडून डी4 हा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. पुढच्या वर्षी त्यांची सत्तरी. मी हे सांगितलं तेव्हा त्यांना पहिल्यांदाच कळलं.

सी1 साठी मला वैद्यकीय तपासणी, नवी थिअरी आणि प्रॅक्टिकल द्यावी लागेल. ट्रेनिंग धरून 1,400 पौंडांचं कोटेशन आलंय. वर्षाला चार ट्रिपांसाठी एवढे पैसे मला पटत नाहीत. त्याऐवजी दोन जुन्या बॅटऱ्या काढून एक लिथियम बसवली, 37 किलो वाचले. टाकी साइटवर पोचल्यावर भरतो. बिडाचा तवा आणि दोन खुर्च्या घरी ठेवल्या. गेल्या महिन्यात काट्यावर 3,440 आले.

गाडी सुरेख आहे, चार तारे. पाचवा कापलाय तो विक्रेत्याने सोबत काट्याची पावती दिली नाही म्हणून. ती 12 पौंडांत मिळते.