व्हेंचर सेंटर, पाषाण: संशोधनातून धंदा उभारू पाहणाऱ्यांसाठी

गायीच्या सुप्त कासदाहासाठी आम्ही एक चाचणीपट्टी तयार करतोय. कास दगडी होण्याआधीच, दूध दिसायला चांगलं असताना, आजार कळावा हा हेतू. या कामासाठी पुण्यात एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) इनोव्हेशन पार्कमधल्या व्हेंचर सेंटरचा मला जो उपयोग झाला, तो सविस्तर सांगावासा वाटतो.

एनसीएलच्या आधाराने २००७ मध्ये सुरू झालेलं हे इनक्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा, सोयी आणि मार्गदर्शन देणारं केंद्र. रसायन, जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणं, नवे पदार्थ अशा कामांवर त्यांचा भर. नुसतं ॲप काढायचं असेल तर दुसरीकडे जावं. पण प्रयोगशाळेशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांना इथे टेबल मिळतं आणि महागडी यंत्रं विकत न घेता पैसे भरून वापरता येतात. लहान कंपनीला हाच मोठा आधार.

तरी माझ्या लेखी खरी किंमत मार्गदर्शकाची. आमच्या सरांनी पहिल्या भेटीत पट्टीच्या रसायनाबद्दल चकार शब्द काढला नाही. "विकत कोण घेणार? शेतकरी, डेअरी की पशुवैद्य?" एवढंच विचारलं, आणि उत्तर दूध संकलन केंद्रांवर जाऊन आणायला सांगितलं. फलटण, इंदापूरकडच्या केंद्रांवर पहाटे उभं राहिल्यावर कळलं की फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) मोजण्याच्या रांगेत जास्तीच्या चाचणीला कुणालाच वेळ नाही. पट्टी गोठ्यातच वापरली जाणार. म्हणजे पत्र्याखालच्या उन्हाळ्यात ती टिकायला हवी. त्या एका प्रश्नामुळे आमचं वेष्टन बदललं, किंमत बदलली, ग्राहकही बदलला.

मग बायरॅकच्या, म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, 'बिग' (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट) अनुदानाचा अर्ज. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, आणि व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार आहे. सरांनी मसुद्यातलं प्रत्येक उद्दिष्ट मोजता येईल असं करून घेतलं. "संवेदनशीलता वाढवू" खोडलं. किती नमुन्यांवर, कशाशी ताडून, कोणत्या महिन्यापर्यंत, हे लिहायला लावलं. रक्कम टप्प्याटप्प्याने येते, तेव्हा ही शिस्त पुढे फार कामी येते.

याआधी एका खासगी ॲक्सलरेटरचं (नव्या कंपन्यांना झटपट वाढवण्याचा कार्यक्रम) भरमसाट शुल्क भरलं होतं. तिथे दर आठवड्याला नवा मार्गदर्शक यायचा, स्वतःची यशोगाथा सांगायचा आणि जायचा. आमचा कागद कुणी वाचला नाही. म्हणून कळकळीने सांगते, कुठेही पैसे किंवा कंपनीतला हिस्सा देण्याआधी तिथल्या जुन्या उद्योजकांना गाठा आणि विचारा, तुमचा मार्गदर्शक दुसऱ्या भेटीला आला का?

'बिग'चे अर्ज साधारण जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. तेव्हा धावत जाऊ नका. दोन-तीन महिने आधी भेटीची वेळ घ्या आणि सोबत पाच ग्राहकांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदी न्या. चकचकीत सादरीकरणापेक्षा त्या नोंदी तिथे बारकाईने वाचल्या जातात.