कॅम्पिंगचा चार्जिंगवाला फॅन: मे महिन्यात कोकणात चालतो का?

पहिलंच सांगतो, फॅन चांगला आहे, पण बॉक्सवर लिहिलेलं वाचून घेऊ नका. चौदाशेच्या आसपास पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सेम पीस ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी मिळतोय, खाली चिमटा, मागे हूक, मधोमध एलईडीचा दिवा आणि आत १०,००० एमएएचची बॅटरी.

बॉक्सवर मोठ्या अक्षरात २४ तास बॅकअप. यूएसबी मीटर लावून बघितलं तर एक नंबरच्या स्पीडला जेमतेम दीड वॉट खातो आणि चारवर सहा. १०,००० एमएएच ऐकायला भारी वाटतं पण ती बॅटरी ३.७ व्होल्टची, म्हणजे हिशोब होतो ३७ वॉट-अवर, त्यातलं थोडं सर्किटमध्ये गरम होऊन जाणार, मग चारवर ठेवला की पाचेक तासात खेळ खलास. रात्री अकराला फुल सोडून झोपलात तर पहाटे चारला घामाने जाग येणारच. एक नंबरवर मात्र रात्रभर चालून सकाळी चहा होईपर्यंत फिरत असतो. पंख्याचं गणितच असं आहे की स्पीड दुप्पट केला तर वीज थिअरीत आठपट लागते, त्यामुळे असा फॅन घेताना फुल स्पीडला किती वारा देतो ते बघायचंच नाही, एक-दोनवर अंगाला वारा लागतो का ते बघायचं. ह्याचा एक नंबर हातभर अंतरावरून नीट लागतो, म्हणून मी ह्याला चांगला म्हणतोय.

आम्ही नेला रायगडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात, लाइटबिइट काही नाही. (माडाखाली तंबू लावू नका, सावली छान असली तरी नारळ विचारून पडत नाही.) शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते त्याचा खरा अर्थ इथे कळतो, दिवसभर समुद्राकडून वारा असतो तोवर फॅन बॅगेतच राहू द्या, पण अंधार पडला की तो वारा पडतो आणि जमिनीकडचा सुटायला वेळ लागतो, मधल्या वेळात सुरूचं पान हलत नाही आणि तंबूत नुसती कोंदट वाफ. फॅनची खरी गरज तेवढ्याच तासांना.

आणि तो लावायचा कुठे ह्यावर बरंच अवलंबून आहे. सगळे जण हुकाने तंबूच्या टोकाला लटकवतात, मग आतल्या श्वासांची भेळ करून तीच परत तोंडावर. त्यापेक्षा पाऊस नसेल तर वरचं कव्हर काढून टाका, जमिनीकडच्या बाजूची जाळी उघडी ठेवा आणि फॅन खाली त्या जाळीला टेकवून आतल्या बाजूला तोंड करून ठेवा. बाहेरची हवा रात्री आतल्यापेक्षा बरीच बरी असते. वारा पायापासून अंगावरून गेला तर मच्छर पण कमी बसतात, वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही, तरी ओडोमॉस लावाच.

फॅनने हवा गार होत नाही, फक्त घाम लवकर वाळतो आणि म्हणून गार वाटतं. कोकणात हवेतच इतकं पाणी की घाम वाळायला मागत नाही. ओला पंचा फॅनपुढे लटकवायची आयडिया काही जण देतात, ती विदर्भात मस्त चालते, इथे नाही, नागपूरचा कूलर मुंबईत आणला तर काय होतं तेच इथे होतं. हां, पंचा पिळून सरळ मानेवर आणि हातांवर फिरवून मग फॅनसमोर बसा, त्याने थोडा फरक पडतो.

आता वैताग. पोर्ट टाइप-सी आहे पण दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की चार्जच होत नाही, चार्जरकडच्या टोकाला जुनी चपटी यूएसबी पिन असलेली केबल आणि साधा चार्जरच लागतो. आजकाल घरात सगळ्या केबल नवीन, आमच्या वहिनींच्या गाडीत एक जुनी सापडली म्हणून वाचलो. चार्जिंगचा निळा लाइट बंद करता येत नाही, अंधाऱ्या तंबूत डोळ्यात घुसतो, वर इलेक्ट्रिकलची काळी टेप चिकटवली. चिमटा जाड फांदीला बसत नाही. आणि वाळू आत गेली की घरघर सुरू होते, ब्रशने झटकून कमी झाली, पूर्ण गेली नाही.

सोबत २० वॉटचं घडीचं सोलर पॅनल घेऊ का असं विचाराल तर सुरूच्या सावलीत ते शोभेला आहे, आणि उन्हात ठेवायचं तर पॅनल उन्हात पण फॅन सावलीत, बॅटरी तापू द्यायची नाही. एक-दोन रात्रींसाठी २०,००० एमएएचची पॉवर बँक बरी, तीसुद्धा ५ व्होल्टला बारा-तेरा हजारच देते, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १२ व्होल्टची लेड ॲसिड बॅटरी आणि मोठा डीसी फॅन गाडी तंबूपर्यंत जात असेल तरच, दोन किलोच्या वर वजन आहे, वाळूतून कोण उचलणार.

काजवे बघायला भंडारदऱ्याला जाताय आणि त्यासाठी हा घ्यायचा विचार आहे? नका घेऊ, तिकडे रात्री चादर लागते.