कौलारू घराच्या माळ्यावरील बुरशी: झरोके, एक्झॉस्ट पंखा की डीह्युमिडिफायर?

कोकणातल्या घराच्या माळ्यावर श्रावणात कुबट वास येऊ लागला आणि वाशांवर पांढरट-हिरवी बुरशी दिसू लागली, की घरमालकापुढे साधारणपणे तीन उपाय येतात: झरोके काढणे, एक्झॉस्ट पंखा बसवणे किंवा हवेतील ओलावा काढून त्याचे पाणी टाकीत साठवणारा डीह्युमिडिफायर घेणे. शेजाऱ्याला लागू पडलेला उपाय आपल्या घरी पडेलच असे नाही, म्हणून आधी ओल कुठून येते हे पाहावे. एकाच जागी डाग असेल तर कौल फुटलेले असते आणि तेथे यंत्राची नव्हे, कौल बदलण्याची गरज असते. पहाटे पत्र्याच्या खालच्या अंगाला थेंब दिसत असतील, तर रात्री थंड झालेल्या पत्र्यावर आतलीच वाफ जमते आहे. बुरशी नेमकी स्वयंपाकघराच्या वर असेल, तर वाफ खालून चढते आहे.

पूर्वी हा त्रास कमी होता, कारण मंगलोरी कौलांच्या सांध्यांतून हवा खेळत असे आणि चुलीची ऊब व धूर माळ्याचे लाकूड कोरडे ठेवत असत. चूल गेली, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात कौले उडाल्यानंतर रायगड-रत्नागिरीतील अनेकांनी पत्रे घातले. त्याखाली पीव्हीसीचे छत आले, की हवेची वाट पूर्ण बंद होते.

झरोक्यांना वीज लागत नाही आणि देखभालही जवळजवळ नसते, मात्र ते एकाच भिंतीत काढून उपयोग नाही. वळचणीजवळ हवा आत येण्याची वाट आणि आढ्याजवळ, समोरासमोरच्या त्रिकोणी भिंतींत, ती बाहेर पडण्याची वाट अशी जोडी हवी. बाहेरून पावसाची झड अडवणारी तिरकी पट्टी आणि उंदीर-वटवाघळांसाठी बारीक जाळीही हवी. पत्र्याच्या छपरावर वाऱ्याने फिरणारा टर्बो व्हेंटिलेटर हेच काम अधिक जोराने करतो, परंतु कौलांमध्ये त्याचा सांधा पक्का बसवणे अवघड असते आणि गळतीची नवी जागा तयार होते, म्हणून कौलारू छपरासाठी तो मी सुचवणार नाही.

एक्झॉस्ट पंखा स्वयंपाकघरावरील माळ्यासाठी उत्तम आहे, कारण वाफ तयार होते त्याच वेळी ती बाहेर काढता येते. त्यात एक चूक मात्र सर्रास होते: बाहेरची हवा आत येण्यास वाट न ठेवता पंखा लावला, की तो तक्तपोशीच्या फटींतून खालच्या खोल्यांतलीच ओलसर हवा वर ओढतो आणि बुरशी वाढते. म्हणजे पंखा घ्यायचा असला तरी झरोके आधी काढावे लागतातच.

पावसाळ्यात बाहेरचीच हवा ओली असते, मग ती आत घेऊन काय साधणार, हा प्रश्न रास्त आहे. वायुवीजनाने माळा बाहेरच्या हवेपेक्षा कोरडा होत नाही. ओल साचून राहत नाही आणि उघडीप मिळताच लाकूड लवकर सुकते, एवढेच साधते. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणायची असेल तर डीह्युमिडिफायरच लागतो, पण तो फक्त बंद जागेत चालतो; झरोके उघडे ठेवून तो लावणे म्हणजे साऱ्या कोकणाची हवा सुकवण्याचा प्रयत्न आहे. 250 वॅटचे यंत्र दहा तास चालले तर अडीच युनिट वीज जाते, आणि टाकी भरली की ते थांबते. म्हणून संपूर्ण माळ्याऐवजी कागदपत्रे, गाद्या किंवा जुनी पुस्तके ठेवलेल्या एखाद्या बंद खोलीपुरतेच ते घ्यावे.

कोणताही उपाय निवडला तरी आधीची बुरशी काढावीच लागते. ती कोरडी झाडू नये, कारण बीजाणू घरभर उडतात. एन-95 मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याने ओले पुसून घ्यावे व लाकूड पूर्ण वाळू द्यावे. बुरशी आतवर गेलेल्या गाद्या आणि पुठ्ठ्याची खोकी टाकून द्यावीत. घरात दमा असलेल्या माणसाने हे काम करू नये.

मुंबईत राहणाऱ्या आणि गावचे घर गणपती व मे महिना सोडून कुलूपबंद ठेवणाऱ्यांसाठी माझे मत स्पष्ट आहे: वीज जाणाऱ्या गावात, कोणी पाहायला नसताना, पंख्यावर किंवा यंत्रावर विसंबू नये. मेअखेरीस कौले शाकारून घ्यावीत, जोडीने झरोके काढावेत आणि माळ्यावर कापडी किंवा कागदी काहीही ठेवू नये.