उजवा गुडघा नवा, डावा जुना: आठेक महिन्यांनंतर

होळीच्या सुमारास उजवा गुडघा बदलून घेतला, आता नाशिकला थंडी पडायला लागलीय. डावा अजून माझा जुनाच आहे, त्यामुळे तुलना रोजच्या रोज होते. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणाऱ्या बायका दोनच प्रश्न विचारतात: कुठल्या कंपनीचा बसवलास, आणि आता खाली बसता येतं का? पहिल्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते पचवूनच ऑपरेशनचा विचार करावा. हा सांधा चालण्यासाठी घ्यायचा, मांडी घालण्यासाठी नव्हे.

माझी गत बहुतेक आपल्याकडच्या बायकांसारखीच. आतल्या बाजूचा कुर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून हाडाला हाड लागलेलं, पाय गुडघ्यात बाहेर वाकलेला. उजव्या चपलेची बाहेरची कड कायम आधी झिजायची. चांभार म्हणायचा, ताई, तुमची एकच चप्पल दुरुस्तीला येते. एक्स-रे काढायचा तर उभं राहूनच काढा. झोपून काढलेल्यात दोन हाडांमधली फट खोटी दिसते. गोळ्या, वंगणाची इंजेक्शनं, तेल, पट्टे सगळं करून झालं होतं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं सुरू झालं तेव्हा निर्णय घेतला.

बसवतात काय, तर मांडीच्या हाडाच्या टोकाला कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक, मध्ये पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकची चकती, आणि हे हाडाला धरून ठेवायला बोन सिमेंट. सगळा गुडघा कापून काढतात ही समजूत चुकीची आहे. झिजलेले पृष्ठभाग काही मिलिमीटर तासून त्यावर हे चढवतात. प्रत्येक भागाच्या खोक्यावरचे स्टिकर, माप आणि बॅच नंबरसकट, डिस्चार्जच्या फाइलमध्ये चिकटवलेले असतात. ते पान जपून ठेवा, फोटोही काढून ठेवा. पुढेमागे चकती बदलायची वेळ आली तर तेच लागतं.

किमतीबद्दल एक सांगते. 2017 च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर दीड लाखाच्या घरात विकला जाणारा नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा तेव्हा जीएसटी सोडून 54,720 रुपयांवर आला. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. उरलेला खर्च रुग्णालयाचा, आणि खरा फरक तिथेच पडतो. ऑपरेशनआधी मी जिथे चौकशी केली त्यातल्या एका ठिकाणी समुपदेशक बाई रोबोटच्या मदतीने करायच्या ऑपरेशनचं पॅकेज असं काही विकत होत्या, की साधं ऑपरेशन म्हणजे अंदाजपंचे सुतारकाम वाटावं. मी साधंच करून घेतलं. वाजपेयींचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले, डावा 2000 साली आणि उजवा 2001 साली. तेव्हा आमच्याकडे लोक म्हणायचे, पंतप्रधानांना परवडतं. आता आमच्या गल्लीतच चार-पाच जणी आहेत.

ऑपरेशन सोपं असतं, म्हणजे आपल्यासाठी. मणक्यात इंजेक्शन, कमरेखाली बधिर, पडद्यापलीकडून ठोकाठोकीचा आवाज. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात आणि नातेवाईक खूश होतात. कठीण आहे ते पुढचे सहा आठवडे, आणि त्याबद्दल मला कुणी धड सांगितलं नव्हतं. पाय वाकला पाहिजे आणि तितकाच महत्त्वाचा म्हणजे पूर्ण सरळ झाला पाहिजे. फिजिओ घरी यायचा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायचा आणि म्हणायचा, काकू, आता गुडघ्याने गादी दाबा. मग पलंगाच्या कडेला बसवून गोनिओमीटर, म्हणजे गुडघा किती अंश वाकतो ते मोजायची पट्टी, लावायचा. 70, 75, परत 75. तो आकडा वाढला नाही की मला रडू यायचं. टाके काढायच्या सुमाराला 90 च्या आसपास पोचले, आज 115 आहे. सपाट चालायला सत्तरेक अंश पुरतात, जिन्याला 90-100 लागतात, उकिडवं बसायला 130 च्याही पुढे. हे गणित आधी समजलं की अपेक्षा जागेवर राहतात. व्यायामाआधी अर्धा तास वेदनाशामक आणि नंतर बर्फ, हा क्रम मोडू नका. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दिलेले घट्ट पांढरे मोजे चैत्र-वैशाखाच्या उन्हात घालणं मात्र शिक्षा होती.

आता फायदे. ते जुनं खुपणारं दुखणं गेलं, अगदी गेलं. पाय सरळ झाला. श्रावणात त्र्यंबकला जाऊन आले. चालायला काही वाटलं नाही, रांगेत एका जागी उभं राहणं मात्र जड गेलं. पांडवलेणीच्या पायऱ्या थांबत थांबत चढले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हा नियम अंगवळणी पडलाय. सप्तशृंगी गडावर ट्रॉली आहेच, तिथे शूरपणा केला नाही.

आणि खटकणाऱ्या गोष्टी. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. कातडीची बारीक नस चिरेत कापली जाते, थोडी संवेदना परत येते, सगळी येईलच असं नाही. चालताना अधूनमधून टक् असा आवाज येतो. धातू आणि प्लॅस्टिक आहे, निरुपद्रवी. डाव्यापेक्षा उजवा हाताला गरम लागायचा, तो आत्ता कुठे निवतोय. गुडघे टेकता येतात, पण सिमेंटच्या जमिनीवर टेकल्यासारखं वाटतं. सत्यनारायणाला मी खुर्चीवर, आणि नणंदबाईंच्या कपाळावर आठी. पाचातला एक रुग्ण या ऑपरेशननंतर समाधानी नसतो असं सर्जननेच आधी सांगितलं होतं. मला ते सांगणं आवडलं, त्यावरूनच त्यांना निवडलं. टिकण्याबद्दल म्हणाल तर जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून दहातले आठ सांधे 25 वर्षं चालतात. मी 66 ची. मला पुरेल.

मेडिक्लेमवाल्यांनी मात्र आपली पॉलिसी आधी वाचा. गुडघेबदलासाठी बऱ्याच पॉलिसींत दोनेक वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो आणि तो बारीक अक्षरांत असतो.

डावा आता सकाळी थंडीत कुरकुरतो, पण उजव्याने भार उचलल्यापासून त्याचं रडगाणं कमी झालंय. संक्रांतीनंतर त्याचा एक्स-रे काढून ठरवायचं आहे. करायचाच झाला तर सर्जन तेच, फिजिओ तोच. मांडीचे व्यायाम मात्र या वेळी आधीपासूनच सुरू केलेत, आणि मागच्या वेळी भाड्याने आणलेली कमोडची खुर्ची आता विकतच घेतलीय.