आम्ल-आम्लारी प्रयोगसंच: पट्ट्या चोख, पुस्तिका अपुरी

आठवीच्या विज्ञानातील आम्ल-आम्लारींचा पाठ सुरू होण्याआधी माझ्या शिकवणीतील मुलांसाठी मी एक प्रयोगसंच ऑनलाइन मागवला. 650 रुपयांच्या त्या खोक्यात लाल व निळ्या लिटमसच्या पट्ट्या, वैश्विक दर्शकाच्या (पदार्थ किती आम्ल वा आम्लारी आहे ते वेगवेगळ्या रंगांनी दाखवणाऱ्या) पट्ट्यांची डबी आणि तिच्यावरचा रंगतक्ता, फिनॉल्फ्थॅलिन व मिथिल ऑरेंज यांच्या लहान बाटल्या, विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, ड्रॉपर, सहा परीक्षानळ्या आणि एक मराठी पुस्तिका एवढे साहित्य निघाले. तीन आठवडे तो मुलांच्या हातून वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

संचाची खरी किंमत वैश्विक दर्शकाच्या पट्ट्यांमध्ये आहे. लिटमस पदार्थ आम्ल की आम्लारी एवढेच सांगतो. लिंबाचा रस काय आणि ताक काय, निळी पट्टी दोन्हींत तांबडी होते. वैश्विक दर्शकाच्या पट्टीवर मात्र लिंबाला 2 आणि 3 यांच्या मधला रंग आला, तर ताकाला 4 च्या पुढचा. सामू, म्हणजेच पीएच, एका अंकाने घटला की हायड्रोजन आयनांची संहती दसपट होते, त्यामुळे या दोन पदार्थांतला फरक जवळजवळ शंभरपटीचा आहे, हे मुलांना स्वतःच्या हातातल्या कागदावर पाहता आले. सामूची ही मोजपट्टी 1909 मध्ये सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने मांडली, आणि तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, जी एका बिअर कारखान्याच्या मालकाने उभारली होती. पुस्तिकेत याचा उल्लेख असता तर मुलांना उदासीन (ना आम्ल, ना आम्लारी) द्रावणाचा 7 हा आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटला नसता.

पुस्तिकेबद्दल माझी तक्रार गंभीर आहे. ऊर्ध्वपातित पाण्याचा सामू 7 येईल असे तीत ठामपणे छापले आहे. आम्हाला तो 6 च्या आसपास मिळाला आणि एका मुलीने आपलेच काही चुकले असे समजून वहीत 7 लिहून टाकले. चूक तिची नव्हती. उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून कार्बोनिक आम्ल तयार होते आणि सामू 5.6 पर्यंतही उतरू शकतो. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यात कागदी पट्टीचे मापन नेमके राहत नाही. दोन वाक्यांचा हा खुलासा गाळल्यामुळे जे दिसले ते खोडून जे छापले आहे ते लिहावे, अशी सवय मुलाला लागते, आणि विज्ञान शिकवताना मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते.

असाच घोळ खाण्याच्या सोड्याचा झाला. आम्लारीत फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होते एवढेच पुस्तिका सांगते, पण हा रंग साधारण 8.2 च्या पुढे दिसू लागतो आणि सोड्याच्या द्रावणाचा सामू 8.3 च्या जवळ असतो, त्यामुळे रंग इतका फिका येतो की मुले सोड्याला उदासीनच ठरवतात. धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी घेतली की गडद गुलाबी रंग लगेच उमटतो. फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब जास्त पडले तर द्रावण दुधाळ होते, कारण ते अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हेही कुठे नमूद नाही. मिथिल ऑरेंजची बाटली ठीक आहे.

घरगुती दर्शकांसाठी अवघे अर्धे पान दिले आहे, ही उणीव मला जास्त जाणवली. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की तो तांबडा होतो आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीपासून कुंकू करण्याच्या जुन्या पद्धतीत हेच रसायन आहे. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. लिटमसही मुळात लायकेन नावाच्या, दगडफुलासारख्या सजीवांपासून काढलेला रंग आहे. गोड्या मसाल्यात पडते ते दगडफूलही लायकेनच असले, तरी लिटमस देणाऱ्या जाती वेगळ्या. हे सांगितल्यावर मुलांनी स्वयंपाकघर धुंडाळायला सुरुवात केली.

सुरक्षिततेच्या बाबतीत विक्रेत्याने सुधारणा करायलाच हवी. आम्लाच्या बाटलीला लहान मुलांना उघडता येणार नाही असे झाकण नाही आणि संचात चष्माही नाही. आम्ल पाण्यात थेंबाथेंबाने मिसळावे, पाणी आम्लात ओतू नये, ही सूचना शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. ती बाटलीवरच हवी होती. मी ती बाटली वेगळी काढून कपाटात कुलपात ठेवली आहे.

संच घेणार असाल तर पट्ट्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि ती डबी न्हाणीघरातल्या ॲसिडजवळ ठेवू नका. आमची निळ्या लिटमसची एक गड्डी त्या वाफांनी न वापरताच तांबडी झाली.