बॉन्ड लिहून आयसीयूचं ट्रेनिंग, की बिनबॉन्डची नोकरी?

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग होताच हे दोन पर्याय समोर येतात. समजा, पहिल्या रुग्णालयात आयसीयूचं ट्रेनिंग आहे, पण २४ महिन्यांचा बॉन्ड, म्हणजे तेवढा काळ नोकरी न सोडण्याचा लेखी करार, आणि तो मोडल्यास १,२०,००० रुपये भरायचे. दुसऱ्यात बॉन्ड नाही, पगार महिन्याला ३,००० जास्त, पण शिकवणारं कुणी नाही. बॉन्ड पूर्ण केला तरी पगारातला फरक ७२,००० होतो. ट्रेनिंगची खरी किंमत ही, आणि ती तुम्हीच भरता.

त्यामुळे ट्रेनिंगमध्ये नेमकं काय आहे ते आधी पाहा. फाइल कशी लिहायची, कचरा कोणत्या पिशवीत टाकायचा, कोड ब्लूला (रुग्णाचं हृदय बंद पडल्याच्या इशाऱ्याला) काय करायचं, हे इंडक्शन झालं. ते प्रत्येक नव्या स्टाफला द्यावंच लागतं, त्यासाठी बॉन्ड कशाला? व्हेंटिलेटर, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी), इन्फ्युजन पंप (शिरेतून मोजून औषध देणारं यंत्र) अनुभवी सिस्टरच्या हाताखाली शिकायला मिळणार असेल आणि त्याचं प्रमाणपत्र तुमच्या नावावर निघणार असेल, तर विचार करा. नुसतं बीएलएस-एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवण्याचे छोटे कोर्स) तर स्वतःच्या पैशानेही करता येतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं आणि कुठल्याही रुग्णालयात दाखवता येतं.

मग बॉन्डची भाषा. १८ महिन्यांनी सोडलं तर सरसकट रकमेच्या बॉन्डमध्ये पूर्ण १,२०,००० मागतात. दरमहा घटणाऱ्या बॉन्डमध्ये उरलेल्या सहा महिन्यांचे ३०,०००. हा फरक एका वाक्याचा असतो आणि एचआर तो आपणहून सांगत नाही. मुदत जॉइनिंगपासून मोजणार की ट्रेनिंग संपल्यावर? प्रसूती रजा मुदतीत धरणार का? रुग्णालयानेच काढलं तर पैसे कोण भरणार? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत.

‘बॉन्ड कोर्टात टिकत नाही’ हा हॉस्टेलवरचा सल्ला अर्धवट आहे. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या नोकरीसाठीची दोन लाखांची अट वैध ठरवली. मात्र करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई देतं. आणि बॉन्ड असला तरी कोर्ट तुम्हाला ड्यूटीवर उभं करू शकत नाही.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते ओरिजिनल कागदांवर. मार्कशीट आणि परिचर्या परिषदेचं रजिस्ट्रेशन एकदा त्यांच्या कपाटात गेलं की दावा न लावताही तुम्ही अडकता. पडताळणीला ओरिजिनल दाखवा, ठेवायला झेरॉक्सच द्या. कोरा चेक तर अजिबात देऊ नका. तो न वटल्यास चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो.

वर्षभरात परदेशी जायचं असेल, लग्नानंतर गाव बदलणार असेल, तर बिनबॉन्डची नोकरी घ्या. दोन वर्षं तिथेच राहायचं नक्की असेल आणि रक्कम दरमहा घटत असेल, तर आयसीयूचा बॉन्ड घ्यायला हरकत नाही. सही केलेली प्रत मात्र त्याच दिवशी हातात घ्या.