साहेब आले की आवाज कमी

दुपारी दोनला माझी मशिन बंद होते. मोटरचा खटका खाली करायचा आणि हातात साडी घेऊन फॉल लावायला बसायचं, नाहीतर ब्लाऊजला हुक. ही बिनआवाजाची कामं मी मुद्दाम त्या तासासाठी राखून ठेवते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाई दमल्या. जुन्या बायका चप्पल काढता काढताच विचारतात, "लागला का फोन?"

फोन म्हणजे आमच्या नव्वद-चार (९०.४) एफएम रेडिओवरचा गप्पांचा कार्यक्रम. त्याचं खरं नाव मोठं काव्यमय आहे आणि निवेदन करणाऱ्या ताई ते रोज घोळवून घेतात, पण तालुक्यात कुणीही त्याला ‘दोनचा फोन’ याखेरीज दुसरं काही म्हणत नाही. कम्युनिटी रेडिओ आहे, म्हणजे आसपासच्या गावांपुरतं छोटं केंद्र, एक संस्था चालवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मास्क शिवताना लावला, तो मास्क संपले तरी राहिला. सहा वर्षं ऐकल्यावर बरंवाईट बोलायचा हक्क येतो, असं धरून लिहिते.

आधी ऐकू येण्याचं. माझ्याकडे पूर्वी मोठा रेडिओ होता, मीडियम वेव्हवर आकाशवाणी सांगली लावायचे, १२५१ ला. मशिनची मोटर सुरू केली की तिच्या ठिणग्यांनी त्यात असा घर्रर्र आवाज यायचा की नाट्यगीतसुद्धा गिरणीत दळल्यासारखं वाटे. आवडतं काही लागलं की मी पट्टा चढवून पायानं मशिन चालवायचे. एफएमला ती भानगड नाही. घरघर येत नाही, मोटरचा स्वतःचा आवाज तेवढा राहतो. आठवडी बाजारातून आणलेला हाताएवढा सेट आहे, त्याची तार मी खिडकीच्या गजाला अडकवलीय. मोबाइलवर ऐकायचं तर हेडफोनची वायर लागते, कारण तीच अँटेना. नव्या फोनात तर वायरचं भोकच नसतं.

गावाच्या चौफेर दहा-बारा किलोमीटर स्वच्छ ऐकू येतं. त्यापुढे माझं माहेर आहे, टेकडीपल्याड, अठरा किलोमीटरवर. एसटी टेकडी उतरायला लागली की ताईंचं वाक्य अर्ध्यात तुटतं. हा दोष त्यांचा नाही. अशा केंद्रांना ताकदच १०० वॅटची मिळते, मनोरा ३० मीटरपर्यंतचा. माझ्या दुकानात पूर्वी पिवळा बल्ब होता, तो शंभरचाच. तेवढ्यात तालुका उजळायचा.

आता मुद्द्याचं. कार्यक्रम कसा आहे? सामान्य माणूस बोलत असेल तर पाचपैकी पाच. साहेब बोलत असतील तर दीड, तोही मधल्या गाण्यांसाठी.

मागच्या दिवाळीनंतरचं सांगते. लाडक्या बहिणीच्या केवायसीचा घोळ चालू होता. पंधराशे रुपये चालू ठेवायचे तर स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर द्यायचा आणि त्यांच्या फोनवर आलेला ओटीपीही टाकायचा. माझ्या दुकानात रोज तोच विषय. दोनच्या फोनवर एका मावशीचा फोन लागला. मागे कोंबड्यांचा आवाज. म्हणाल्या, "नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. बापाच्या वेळी आधार नव्हतंच. आता ओटीपी मागतंय. वरून पाठवतील का?"

त्यांना हसवायचं नव्हतं, खरंच विचारत होत्या. ताई काही बोलल्याच नाहीत. मी फॉलला चार टाके घातले, तेवढा वेळ रेडिओ गप्प होता. मोठ्या शहरातल्या एफएमवर एवढ्या वेळात दोन जाहिराती आणि एक हसण्याचा आवाज झाला असता. मग ताई म्हणाल्या, "मला माहीत नाही, मावशी. विचारते आणि उद्या ह्याच वेळेला सांगते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की विचारलं, पण नक्की उत्तर मिळालं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. माझ्या दृष्टीनं ह्या कार्यक्रमाची कमाई हीच: माहीत नसलेलं तीन दिवस सलग माहीत नाही म्हणून सांगितलं. मधल्या काळात एका अंगणवाडीताईंचा फोन आला, त्यांनी आपल्याकडे अशा किती बायका चौकशीला येऊन गेल्या ते सांगितलं. मग इतर गावांहून फोन येत राहिले. एकीनं नवऱ्यानं टाकून दिल्याचं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, तेही गावाच्या नावासकट. पुढे सरकारनं १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडीसेविकेकडे द्यायचा, असं ठरलं. ताईंनी ते दोनदा वाचलं, शाळेत शुद्धलेखन सांगतात तसं, थांबत थांबत. मी मापाच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहून घेतलं आणि दोघींना दिलं. कोंबड्यांवाल्या मावशींचं पुढे काय झालं ते कळलं नाही. परत फोन आला नाही त्यांचा.

आता साहेब. गुरुवारी पाहुणे असतात. कुठल्यातरी कार्यालयातले, कुठल्यातरी खात्यातले. त्या दिवशी ताईंचा आवाज इस्त्री केल्यासारखा होतो. ‘आपण आपला अमूल्य वेळ काढून’ इथून सुरुवात. साहेब ‘त्या अनुषंगाने’ म्हणतात, ‘सदर बाब’ म्हणतात, आणि नळाला आठ दिवसांनी पाणी का येतं ह्याचं उत्तर योजनेच्या स्थापनेपासून देतात. फोन घेतात, पण निवडून. मागे कोंबड्या ओरडणारा एकही फोन गुरुवारी लागलेला मला आठवत नाही. गुरुवारी मी सरळ आवाज कमी करते आणि मोटर चालू करते. धंद्याच्या दृष्टीनं गुरुवार चांगला जातो.

एक अपवाद मात्र लिहिलाच पाहिजे, नाहीतर पाप लागेल. २०२२ साली लम्पी आला तेव्हा जनावरांचे एक सरकारी डॉक्टर आले होते. अनुषंग वगैरे काही नाही. "गाठी दिसल्या की जनावर वेगळं बांधा, गोचीड-माश्या आवरा, आणि लस गाठी आल्यावर नाही, आधी." गाणी रद्द करून पाऊण तास फोन घेतले. एका म्हाताऱ्यानं गायीचं दूध प्यावं का विचारलं, तर "उकळून प्या, बिनधास्त, मीही पितो." समोरच्या सलूनमधले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं माझ्या दाराशी येऊन ऐकत होते. म्हणजे साहेब असणं हा आजार नाही, साहेबासारखं बोलणं आहे.

मोठी तक्रार वेगळीच आहे आणि ती केंद्रावर नाही, नियमावर आहे. ह्या रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावा, एवढीच मुभा. पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, यात्रेला रस्ता कुठून वळवला, हे चालतं. नगराध्यक्षाला कोण उभा आहे आणि मागच्यानं काय केलं, हे नाही. मागच्या डिसेंबरात आमच्याकडे २ तारखेला मतदान झालं आणि निकाल गेला २१ ला. एकोणीस दिवस मतदानाची मशिनं गोदामात आणि अख्खं गाव त्या गोदामाबद्दल बोलतंय. कोण रात्री पहारा देतंय, कुणी सतरंजी नेली, कुणी थर्मास. माझ्या दुकानात दुसरा शब्द नव्हता. आणि दोनच्या फोनवर? थंडीत ओठ फुटले तर साय लावा. एका दादांनी फोनवर "गोदाम" एवढं म्हटलं, तेवढ्यात ताईंनी गाणं लावलं. बिचाऱ्यांचा आवाज थरथरला होता. परवाना जायची भीती असणार, मी काय सांगू. पण गावच्या गप्पा म्हणायच्या आणि गाव ज्यावर बोलतंय तेच गाळायचं, म्हणजे गळा न कापता ब्लाऊज शिवायचा.

केंद्राच्या वाढदिवसाला एक निवृत्त मास्तर येऊन बोलले, ते मला तेव्हापासून आठवतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हवेतल्या रेडिओलहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आणि खटला कशाचा, तर क्रिकेट दाखवायचं कुणी, बंगालच्या क्रिकेटवाल्यांचा. त्यातून पुढे २००२ मध्ये आधी फक्त शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये इतर संस्थांना असं केंद्र काढायची परवानगी मिळाली. लहरी जनतेच्या, पण बातम्या नाहीत. मास्तरांनी हे वाक्य म्हटलं आणि लगेच भजन लागलं.

म्हसवडला माझी बहीण दिली आहे. तिच्याकडे गेले की तिथलं ऐकते, माणदेशी तरंग वाहिनी. २००८ पासून आहे, चेतना सिन्हांच्या माणदेशी फाउंडेशनची, ज्यांनी बायकांची बँक काढली त्याच. गंमत म्हणजे तीही ९०.४ वरच. पहिल्यांदा मला वाटलं आमचंच केंद्र इथपर्यंत येतं, बहीण हसली. पोहोच एवढी तोकडी की एकच आकडा कितीतरी गावांना वाटून देता येतो. तिथं बायका आपल्या बोलीत बोलतात, ओव्या म्हणतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कुणी दुरुस्त करत नाही. आमच्या ताईंनी हे शिकावं. अलीकडे त्या ‘अमेझिंग’ म्हणायला लागल्यात. शेवग्याच्या शेंगेला कुणी अमेझिंग म्हणतं का?

जाहिरातींचं: २०२४ पासून तासाला १२ मिनिटं चालतात, पूर्वी ७ होती, आणि ते जाणवतं. खताच्या दुकानाची एकच जाहिरात तासात सहा वेळा. अर्थात मी बोलू नये, माझीही दिली होती गौरी-गणपतीच्या आधी. चार नवीन बायका आल्या. त्यातल्या एकीला शिवायचं काहीच नव्हतं. "तुमचा आवाज दोनच्या फोनवर ऐकलेला, तोंड बघायला आले" म्हणाली. चहा पिऊन गेली.

हो, मी एकदा फोन केलाय. शाळेच्या गणवेशाच्या कापडावर बोलले, की धुतल्यावर दोन इंच आटतं. आठ मिनिटं बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. संध्याकाळी भाजीवाला म्हणाला, "आटतंय म्हणे कापड."

ऐकायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार, दुपारी दोन ते तीन. तोच भाग रात्री आठला परत लागतो, पण तेव्हा फोन घेत नाहीत. ऐका, गुरुवार सोडून.